घोड्याचं काळीज, निदानाचं दावं

घाटकोपरच्या पॅथॉलॉजी लॅबच्या बाकावर बसलेला माणूस 'निदान झालं का?' असं विचारतो. मुलुंडच्या फलाटावर लोकलची वाट पाहणारा 'निदान टेकायला तरी जागा मिळू दे' असं म्हणतो. पहिलं निदान नाम, दुसरं अव्यय. दोन्हींच्या मुळाशी एक दोर आहे, अगदी खराखुरा, जनावर बांधायचा दोर. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडळात इंद्र गाईंचं 'निदान' सोडतो, म्हणजे त्यांचं बंधन मोकळं करतो. दहाव्या मंडळापर्यंत येता येता तोच शब्द दोन गोष्टींमधल्या आतल्या गाठीकडे, कारणाकडे सरकलेला दिसतो.

यातला धातू 'दा'. पण दान देणारा दा हा नव्हे, बांधणारा दा वेगळा. त्याच्यापासून 'दामन्' म्हणजे दोर. यशोदेनं पोटाला दोर बांधला म्हणून कृष्ण दामोदर, आणि दोर तोडून सुटलेला तो उद्दाम. (दामदुपटीतला दाम मात्र परका आहे. तो ग्रीकांच्या द्रख्म नावाच्या नाण्यावरून आला.) मराठीत आपण या दामाचं दावं केलं आणि 'दामनी'ची दावण केली. दोन स्वरांमधल्या म-चा व करणं ही मराठीची जुनी खोड आहे. ग्रामाचं गाव झालं आणि गोरेगाव, नायगाव, वडगाव अशी पाटीपाटीवर बसलं. नामाचं नाव झालं, कामलेची कावीळ झाली. म्हणजे तबेल्यातलं दावं, डॉक्टरचं निदान आणि पिवळे पडलेले डोळे हे तिन्ही शब्द बोलताना एकमेकांपासून लांब वाटतात. पण पहिले दोन एका धातूचे आहेत आणि पहिला व तिसरा एकाच ध्वनिनियमानं घडलेले आहेत.

हे सगळं मला घोड्याच्या यकृताच्या निमित्तानं लिहावंसं वाटतं. कारण निदान म्हणजे खूण आणि कारण यांना एका दोरानं बांधणं, हा अर्थ जिथे पुरेपूर कसाला लागतो अशी जागा घोड्याच्या यकृताइतकी दुसरी मला माहीत नाही. इथे दोराची दोन टोकं एकमेकांपासून फार लांब असतात, आणि मधले आपले नेहमीचे शब्द हमखास चकवतात.

उपनगरांत घोडा नवखा नाही. अंधेरी-बोरिवलीतली जुनी मंडळी एस. व्ही. रोडला घोडबंदर रोड म्हणत. तो रस्ता उल्हास नदीच्या खाडीकाठच्या घोडबंदरला जायचा, आणि तिथे अरबी घोडे उतरायचे म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. आज घोडा दिसतो तो जुहूच्या वाळूत किंवा वरातीत. त्याला बरं नसेल तर विद्या शिकलेले हातही जवळच आहेत. गोरेगावच्या आरे वसाहतीत मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचं आवार आहे. मूळ महाविद्यालय परळचं, १८८६ सालचं.

आता कावीळ. आयुर्वेदात पांडुरोगाच्या पाठोपाठ कामला येते, आणि आपल्या बोलण्यात कावीळ हे एका रोगाचं नाव होऊन बसलं आहे. 'त्याला कावीळ झाली' हे आपण 'त्याला मलेरिया झाला' या चालीवर म्हणतो. पण कावीळ म्हणजे रंग. रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, त्यातून बिलिरुबिन तयार होतं, ते यकृतानं उचलून पित्तात सोडायचं असतं, आणि ते रक्तातच साचलं की डोळे पिवळे दिसतात. या द्रव्याचं नाव तरी पाहा: लॅटिन 'बिलिस' म्हणजे पित्त आणि 'रुबेर' म्हणजे तांबडा. ज्याच्यामुळे माणूस पिवळा पडतो त्या द्रव्याला नाव मिळालं तांबड्या पित्ताचं. पेशी फार मोडल्या तरी हा पिवळेपणा येतो, यकृत थकलं तरी येतो, वाट तुंबली तरी येतो.

घोड्याच्या बाबतीत याला चौथं कारण आहे, आणि तेच सर्वांत जास्त फसवतं. घोडा उपाशी राहिला की पिवळा पडतो. दिवसभर त्यानं दाण्याला तोंड लावलं नाही, पोट दुखतंय म्हणून किंवा दात दुखतोय म्हणून, तर यकृत ठणठणीत असूनही त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळसर होतात. उपाशी घोड्याचं यकृत रक्तातलं बिलिरुबिन नेहमीच्या वेगानं उचलत नाही. काही निरोगी घोड्यांचे डोळे तर बारमाही किंचित पिवळट असतात. तेव्हा 'डोळे पिवळे, म्हणजे कावीळ, म्हणजे यकृत बिघडलं' ही तीन पायऱ्यांची उडी घोड्याच्या दावणीपाशी चालत नाही. जाणता पशुवैद्य आधी विचारतो, 'चंदी खाल्ली का?' चंदी म्हणजे घोड्याचा रोजचा दाणा. मग रक्ताच्या अहवालात तो बिलिरुबिनचे दोन भाग वेगळे पाहतो. यकृतानं प्रक्रिया केलेलं, म्हणजे 'डायरेक्ट' बिलिरुबिन, एकूण बिलिरुबिनच्या पाव हिश्श्याच्या वर गेलं की संशय यकृताकडे वळतो. नुसत्या उपासात वाढतं ते दुसरं.

'एसजीपीटी वाढलंय' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. घोड्याच्या यकृतात ते विकर इतकं थोडं असतं की त्याच्यावरून काहीच ठरवता येत नाही. एसजीओटी स्नायूंतूनही येतं, त्यामुळे दौडून आलेल्या घोड्यात ते वाढलेलं दिसलं तरी यकृताला बोल लावता येत नाही. घोड्यासाठी भरवशाची दोन नावं आहेत: पित्तनलिकांचा त्रास सांगणारं जीजीटी, आणि यकृताच्या पेशी फुटल्या की लगेच चढणारं एसडीएच. हे दुसरं रक्ताच्या नळीत फार टिकत नाही, म्हणून नमुना लवकर तपासावा लागतो. माणसाची फूटपट्टी घोड्याला लावायची नाही, हा यातला पहिला धडा.

पित्त या शब्दाकडे आलं की मराठी माणूस घरी आल्यासारखा सैलावतो. पित्त उठतं, पित्त खवळतं, पित्तानं डोकं दुखतं, कोकम सरबतानं ते शमतं. इतकं घरगुती पित्त दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. पण पित्त म्हटलं की ते साठवणारी पिशवी आपण गृहीत धरतो, आणि घोड्याला पित्ताशयच नसतं. हा काही आजकाल लागलेला शोध नव्हे. घोडा, खेचर, गाढव आणि हरीण यांना पित्ताशय नाही, हे ॲरिस्टॉटलनं सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवलं आहे. घोडा मोकळा असला तर दिवसरात्रीचा बराच काळ चरत असतो. थोडं थोडं अन्न सतत आतड्यात येतं, आणि पित्तही तसंच सतत झिरपतं. साठवायची गरजच पडत नाही. म्हणून पित्ताशयातल्या खड्यांनी कण्हणारा घोडा कुठे सापडत नाही. खडे झालेच तर नलिकांत होतात. या नसलेल्या पिशवीचा पशुवैद्याला एक सरळ फायदा होतो. रक्तातली पित्ताम्लं मोजून यकृत काम करतंय की नाही ते कळतं. कुत्र्यात ही चाचणी उपाशीपोटी एकदा आणि खाल्ल्यावर एकदा करावी लागते, कारण जेवणानंतर पित्ताशय आकसतं आणि आकडे बदलतात. घोड्याचं रक्त कधीही काढा, एकच नमुना पुरतो.

आणि काळीज. बोरिवलीच्या मटणाच्या दुकानात आपण 'अर्धा किलो द्या, वर दोन तुकडे कलेजी टाका' म्हणतो तेव्हा आपल्याला यकृत हवं असतं. घरी येऊन नाटक पाहताना 'काळीज हललं' म्हणतो तेव्हा हात छातीवर जातो. हिंदीतून आलेली कलेजी मूळ जागी राहिली, आपलं काळीज मात्र वर सरकून हृदयात जाऊन बसलं. संस्कृतात यकृताला 'कालखण्ड' आणि 'कालेय' अशी नावं आहेत. अमरकोश कालखण्ड आणि यकृत हे समानार्थी देतो. कालखण्ड म्हणजे काळा तुकडा. कापल्यावर जो गडद, रक्तानं भरलेला लगदा दिसतो त्याचंच हे वर्णन, आणि हे नाव खाटकाच्या ओट्यापाशी किंवा यज्ञाच्या पशूपाशीच पडलं असणार असं मला वाटतं. कालेयातून काळीज, आणि काळजातून काळजी. मायबापांची काळजी मूळची यकृतातली आहे हे लक्षात आलं की मला तो शब्द अधिकच जवळचा वाटतो.

'यकृत' तर याहून जुनं. फारसीतलं जिगर, लॅटिनमधलं 'येकुर' आणि ग्रीकमधलं 'हेपार' ही सगळी त्याचीच भावंडं. हेपारवरून हेपटायटिस. त्यामुळे 'यकृताचा हेपटायटिस' म्हणणारा एकच शब्द दोनदा उच्चारतो, आणि जिगरी दोस्त हा खरं तर यकृताचा सोबती. धाडस यकृतात राहतं ही समजूत फारसीत रुजलेली होती. मराठीनं जिगर घेतली ती धाडसासाठीच घेतली, अवयवाची तिला गरज नव्हती.

हे काळं काळीज घोड्यात साधारण पाच किलोचं असतं आणि पूर्णपणे बरगड्यांच्या आड दडलेलं. माणसाच्या पोटावर हात दाबून 'लिव्हर सुजलंय' म्हणता येतं. घोड्याच्या अठरा जोडी बरगड्या ती सोय ठेवत नाहीत. उजव्या कुशीवरून सोनोग्राफी करतात, आणि म्हाताऱ्या घोड्यात उजवा भाग आतड्याच्या दाबानं आक्रसलेला असला तर तिथेही नीट दिसत नाही. शेवटी बरगड्यांमधून सुई घालून तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. त्यात यकृताचा राखीव साठा एवढा मोठा की सत्तर-ऐंशी टक्के काम बंद पडेपर्यंत घोडा वरवर धडधाकट दिसतो. मग एक दिवस तो भिंतीला डोकं टेकवून उभा राहतो, पुन्हा पुन्हा जांभया देतो, गोल गोल फिरतो. यकृतानं निकामी करायचा अमोनिया मेंदूपर्यंत गेलेला असतो. मालक म्हणतो, घोडं वेडं झालं. खूण डोक्यात असते आणि दुखणं बरगडीआड.

कातडीवरची खूण तर मला सर्वांत विलक्षण वाटते. हिरव्या चाऱ्यातलं हरितद्रव्य पोटातले जंतू मोडतात आणि त्यातून फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ होतो. निरोगी यकृत तो पित्तातून बाहेर टाकतं. यकृत थकलं की तो रक्तातून कातडीत पोचतो, आणि वर ऊन पडलं की कातडी भाजून निघते. पण सगळी नाही. जिथे कातडीत रंग आहे तिथे काही होत नाही. जिथे ती गुलाबी आहे तिथेच फोड, खपल्या, सालपटं. इथे घोड्यांच्या रंगांचे जुने शब्द एकदम वैद्यकीय होतात. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला तो पंचकल्याणी, अंगावर असे पाच शुभ ठसे असलेला. लक्षणशास्त्रात त्याला मान मोठा, पण यकृत बिघडलेल्या पंचकल्याणीला ऊन पोळतं ते नेमकं त्या पाच जागी. काळ्या-पांढऱ्या चट्ट्यांचा अबलख घोडा उन्हात उभा केला तर चट्ट्यांची सीमा आखून दिल्यासारखी जळालेली दिसते. आणि अंधेरी-मालाडच्या वरातींतली पांढरीशुभ्र घोडी पुष्कळदा नुकरा असते. नुकरा म्हणजे अरबी-फारसीत चांदी. नुकऱ्याचे केस पांढरे आणि खालची कातडीही गुलाबी. उलट, जन्मतः गडद असून वयाबरोबर पांढरा होत गेलेला करडा घोडा दुरून नुकऱ्यासारखाच दिसतो, पण त्याच्या केसांखालची कातडी काळी असते, आणि तो यातून सुटतो. रंगाची पारख असलेला सईस म्हणूनच अर्धं काम करून ठेवतो.

अशी पारख आपल्याकडे शास्त्र म्हणून लिहिलेली आहे. शालिहोत्र हे घोड्यांच्या वैद्यकाचे आद्य आचार्य मानले जातात. त्यांचं नाव इतकं रुळलं की हिंदी-उर्दूत घोड्याच्या वैद्यालाच सलोतरी म्हणू लागले, आणि इंग्रजांच्या फौजेनं त्याचं सलूत्री केलं. त्या काळच्या अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ मध्ये निघाला, त्यात तो सापडतो. परळचं महाविद्यालय निघालं तेच साल. जयदत्ताचं अश्ववैद्यक कलकत्त्यात छापलं गेलं तेही त्याच सुमाराला. नकुलाच्या नावावरचं अश्वशास्त्र तंजावरच्या मराठी राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयानं १९५२ मध्ये रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केलं. या परंपरेत निदान म्हणजे रोगाचं कारण. पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ति या चौघांसह निदानपंचकात ते पहिलं येतं. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत राहिलेले भिक्षूही बारा निदानांची साखळी जाणत: अविद्येपासून जरामरणापर्यंत प्रत्येक कडी आधीच्या कडीला बांधलेली. कारणाचा शोध घेत गेलं की शेवटाला, तळाला पोचतो, म्हणून जुन्या मराठीत निदान म्हणजे शेवटही. आणि 'शेवटी एवढं तरी' यातून फलाटावरचं 'निदान' आलं. इंग्रजीतल्या 'डायग्नोसिस'साठी आपण हाच शब्द योजला आणि कारणाचा अर्थ मागे पडून ओळखीचा पुढे आला. मला यात थोडं नुकसान दिसतं. रोगाचं नाव सांगितलं की निदान झालं असं आपण धरतो. दोर मात्र दुसऱ्या टोकाला मोकळाच लोंबत असतो.

तो कसा बांधायचा याचं एक उदाहरण मुंबईच्या घोड्यांशी नातं सांगणारं आहे. परळच्या हाफकिन संस्थेनं सर्पदंशावरचे आणि इतर प्रतिसीरम घोड्यांच्या रक्तातून बनवले. पुण्यात पूनावाला घराण्याच्या शर्यतीच्या घोड्यांपैकी निवृत्त घोडे हाफकिनकडे जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. वर्षानुवर्षं विष टोचून घेणाऱ्या अशा घोड्यांच्या यकृतात अमायलॉइड नावाचा चिकट पदार्थ साठतो, कधी यकृत फुटतंही, हे जगभरच्या सीरम-घोड्यांत पाहिलं गेलं आहे. जर्मन रोगशास्त्रज्ञ फिरखोनं या पदार्थाला नाव दिलं ते लॅटिन 'अमायलम'वरून, म्हणजे स्टार्चवरून, कारण आयोडीननं तो स्टार्चसारखा रंगत होता. प्रत्यक्षात तो प्रथिनाचा निघाला, पण नाव राहिलं.

सीरम देणाऱ्या घोड्याचं हे झालं. सीरम घेणाऱ्याची गोष्ट आणखी लांबची आहे. दक्षिण आफ्रिकेत आर्नल्ड थायलर यांनी अश्वप्लेगसाठी, म्हणजे आफ्रिकन हॉर्स सिकनेससाठी, घोड्यांना लस आणि सोबत बऱ्या झालेल्या घोड्यांचं सीरम टोचलं. त्यातले काही घोडे कित्येक आठवड्यांनी यकृत विरघळून मेले. त्यांनी १९१८ च्या सुमारास ते नोंदवलं आणि आजाराला त्यांचंच नाव मिळालं. धनुर्वाताचं सीरम दिलेल्या घोड्यांतही तो दिसत राहिला. नाव होतं, दोर नव्हता. तो सापडला २०१८ मध्ये: अमेरिकेतल्या नेब्रास्कात असंच सीरम घेऊन मेलेल्या घोड्यात एक नवा पार्वोव्हायरस मिळाला, आणि तो सीरममध्येही होता. नाव आणि कारण यांच्यामध्ये शंभर वर्षं गेली. आर्नल्ड यांचे पुत्र मॅक्स थायलर पीतज्वराच्या लशीसाठी १९५१ चं नोबेल घेऊन गेले. पीतज्वरही यकृताचाच, आणि नाव त्याचंही रंगाचं. त्या लशीचा दाखला नसेल तर आजही आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला अंधेरीच्या सहार विमानतळावरून सरळ घरी जाता येत नाही.

रोजच्या दावणीवर मात्र कारण बहुधा चाऱ्यात असतं. पावसाळा सरला की आरेच्या माळावर आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेनं पिवळ्या फुलांचा खुळखुळा दिसतो. शेंग वाळली की बी आत सुटं होऊन वाजतं, म्हणून खुळखुळा. कुणी घागरीही म्हणतं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी याच प्रजातीला क्रोटॅलेरिया म्हटलं, ग्रीक 'क्रोटालोन'वरून, आणि त्याचाही अर्थ खुळखुळा. दोन भाषांच्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच आवाज ऐकला. या प्रजातीतल्या बऱ्याच झाडांत पायरोलिझिडीन नावाची अल्कलॉइडं असतात. हिरवं असताना घोडा सहसा त्याला तोंड लावत नाही, पण वैरणीत वाळून मिसळलं की कळत नाही, आणि वाळल्यानं विष जात नाही. यकृताच्या पेशी विभागणं थांबवतात, फुगून प्रचंड होतात, आणि मग जागोजाग तंतू भरतात. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात असे घोडे दिशाहीन चालत सुटत, म्हणून तिथे या रोगाला नावच 'वॉकअबाउट' पडलं. खाणं आणि खूण यांच्यामध्ये कित्येक महिने जातात. म्हणून भिंतीला डोकं टेकवलेल्या घोड्यापाशी उभा राहून पशुवैद्य आजच्या चाऱ्याची पाटी बाजूला सारतो आणि गेल्या दिवाळीची वैरण कुणाकडून घेतली होती ते विचारतो. यकृताच्या तुकड्यात त्या फुगलेल्या पेशी दिसल्या आणि जुन्या पेंढीत वाजणाऱ्या शेंगा सापडल्या, तर दोराची दोन्ही टोकं हातात आली.

याच प्रजातीत ताग येतो, आपले शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो. त्याच्या सालीचा वाख काढून वळलेली दावी अजूनही जनावरांच्या गळ्यात असतात.